पीसफुलाची पारख

आमच्या हॉर्नबीत माणूस माणसाला भेटला की हवापाण्याचं नंतर बोलतो. आधी खिशातून एक पान काढतो, दोन बोटांत चुरगाळतो आणि समोरच्याच्या नाकाखाली धरतो. "ओळख बघू!" मग ते बेकरीत असो, चर्चच्या पायरीवर असो, नाहीतर दातांच्या डॉक्टरकडे गाल धरून बसलेलं असताना असो. बाहेरगावच्यांना वाटतं ही सगळी खुळी आहेत. खुळीच आहोत. समुद्राच्या कडेला वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर जेमतेम गुडघ्याला लागतील अशी झुडपं, आणि त्या झुडपांवर जीव टाकणारी पन्नासएक म्हातारी डोकी. दुसरं आहे काय आमच्या गावात!

माझा नवरा अल्विन या खुळ्यांचा राजा. आणि राजाला शोभेल असाच नाकाने कांदे सोलणारा. झुडूप मंडळाच्या सभेत कुणी काही बोललं की हा आधी छताकडे बघणार, मग सुस्कारा टाकणार, मग म्हणणार, "असं नसतं ते." आणि मेलं नसायचंच ते तसं, हीच तर पंचाईत. झाडांच्या बाबतीत अल्विन चुकलेला मी पाहिलाच नव्हता. त्यामुळे त्याचं सगळं खपून जायचं. माझ्या घरात तर जायचंच.

लँटर्न टेकडीचं पीसफूल कुठलं, तर फक्त लँटर्न टेकडीवरचं. सुईसारखी पानं, वसंतात गुलाबी फुलं, आणि प्रत्येक पाकळीची कड पिसासारखी चिरलेली. टेकडीवर एकदा आग लागली. त्यात काही विशेष नाही. आमची झुडपं आगीला सरावलेली आहेत, राखेतून रोपं वर येतात. पण ती रोपं बी धरायच्या आत दुसरी आग आली आणि पीसफूल टेकडीवरून पुसलं गेलं. दुसऱ्या आगीच्या आधी अल्विनने थोड्या फांद्या कापून आणल्या होत्या, म्हणून ते जगात उरलं. आमच्या परसात, हिरव्या जाळीच्या शेडमध्ये.

पीसफूल मोठं नखरेल. फांदी नुसती वाळूत खोचली तर आठवडाभर हसेल आणि मग मान टाकेल. म्हणून त्याचं कलम करायचं. खाली मूळ मेणफुलाचं, वर फांदी पीसफुलाची. मेणफूल हे उत्तरेकडचं दांडगं झुडूप. कुठेही तग धरतं, आणि इकडे आमच्या टेकड्यांवर मोकळं सुटलं तर आमच्या बारक्या झुडपांना श्वास घेऊ देत नाही. एकदा पसरलं की उपटता उपटता माणसाची कंबर जाते. पण मूळ म्हणून गुणी. अल्विन दाढीच्या पात्याने दोन्ही फांद्या तासायचा, एकात एक बसवायचा, पट्टी गुंडाळायचा, आणि जरा जीव धरला की जोड मातीखाली जाईल इतकं खोल लावायचा, म्हणजे वरची फांदीही हळूहळू आपलं मूळ सोडते.

आता खोड अशी, की मेणफुलाचं मूळ गप्प बसत नाही. तेही मातीतून आपले फुटवे वर पाठवतं, आणि लहानपणी दोघांची पानं जुळ्या बहिणींसारखी दिसतात. ओळखायचं एकच साधन. पान चुरगाळायचं, हुंगायचं. मेणफुलाला झणझणीत लिंबाचा वास. लँटर्न टेकडीच्या पीसफुलाला काही म्हणजे काही वास नाही. लिंबू आलं की फुटवा बुडातून खुडून टाकायचा. दर आठवड्याला, न चुकता. एवढं केलं नाही तर दांडगं वर येतं आणि नाजूक मरतं.

ही चूक दोन वसंतांपूर्वी रॉइस टकेटने केली होती. रॉइस शाळेच्या बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. अबोल माणूस. अल्विनच्या मागे लागून लागून त्याने एक कलम मिळवलं होतं, आणि वसंताच्या प्रदर्शनात तो ती कुंडी अशी छातीशी धरून घेऊन आला, की जणू पहिलं नातवंडच. अल्विनने पान चुरगाळलं, हुंगलं, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे वा! रॉइसकडून सगळ्यांना लिंबू सरबत!"

हॉल हसला.

"ठेवायचं ते खुडलंस आणि खुडायचं ते वाढवलंस," अल्विनचं चालूच. "नाकात बोळे घालून फिरतोस काय रे?"

रॉइसचे कान लालबुंद झाले. कुंडी उचलून तो निघून गेला आणि पुन्हा मंडळात फिरकला नाही. मीही हसले होते. हसायचं नव्हतं, पण सगळे हसत होते. त्याच दिवशी अल्विनने जाहीर केलं की पीसफुलाचं कलम यापुढे कुणालाही मिळणार नाही. "दुसऱ्याच्या हातात दिलं की मेलंच समजा."

पुढच्या हिवाळ्यात अल्विन तापाने पडला. चांगला दोन आठवडे अंथरुणाला खिळला. उठला, हिंडू-फिरू लागला, आणि एका सकाळी मी बघते तर नासक्या दुधाचा चहा मिटक्या मारत पितोय.

"अरे अल्विन, दूध फाटलंय! वास नाही का येत?"

त्याने कप खाली ठेवला. कपाकडे बघत बसला. मग म्हणाला, "कुणाला सांगू नकोस, नेरी."

डॉक्टर म्हणाले, वास यायला लागेल परत. कधी? ते काही त्यांना सांगता आलं नाही. आला नाहीच. मग घरातला गॅस मी हुंगायचे, मासे मी हुंगायचे, त्याचे सदरे धुवायला कधी टाकायचे हेही मीच ठरवायचे. शेडचं मात्र वेगळं. तिथे मी एकदा विचारलं, "फुटवे मी हुंगून देऊ का?"

"इतकी वर्षं काय नुसत्या नाकाने केलंय मी? डोळ्यांनी कळतं मला!" असा वसकन अंगावर आला की मी म्हटलं, जा बाबा, तुझं तू बघ. परत विचारलं नाही. भांडण नको म्हणून किती गोष्टी विचारायच्या राहतात, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

त्या उन्हाळ्यात मूळची जुनी झाडं एकेक करून वाळली. उरली ती ट्रेमधल्या कुंड्यांमधली नवी कलमं. त्याआधीच्या वसंतात त्यांना कळ्या आल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं, पण अल्विनची शिस्त अशी, की पहिल्या वर्षी कळी येऊच द्यायची नाही, दिसली की खुडायची, सगळा जोर मुळात जाऊ दे. त्यामुळे कुणाला फूल दिसलं नाही. झाडं मात्र काय फोफावली! मंडळाच्या अध्यक्षीणबाई हेस्टर जाळीतून बघून म्हणाल्या, "अल्विन, तुझ्या हातात जादू आहे रे!" हा छताकडे बघून हसला. मलाही अभिमान वाटला. एवढं नखरेल झाड, आणि बघा कसं दणकट झालंय, असं मीच बेकरीत सांगत सुटले होते.

पीसफूल टेकडीवर परत लावायचा दिवस ठरला जुलैतला एक रविवार, म्हणजे आमच्याकडचा ऐन हिवाळा. टेकडी पावसाने भिजलेली असते, लावायला हाच काळ. सकाळी अल्विन आत बूट पुसत शीळ घालत होता आणि मी शेडमधून ट्रे उचलून गाडीत भरत होते. रात्री पाऊस होऊन गेलेला. ओली झाडं स्वेटरच्या बाहीला घासली आणि लिंबाचा वास आला.

मला आधी वाटलं भांड्यांचा साबण. हात हुंगले. साबण नव्हता. मग मी एक पान तोडलं, चुरगाळलं. लिंबू. दुसऱ्या कुंडीतलं घेतलं. लिंबू. तिसरीतलं, पलीकडच्या ट्रेमधलं, कोपऱ्यातलं. सगळीकडे तेच. मी उपड्या बादलीवर बसले ते बसलेच. या माणसाने वर्षभर रोज इथे बसून आपल्या हाताने पीसफूल खुडून काढलं होतं आणि मेणफूल वाढवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग उठून सांगायचं त्याला. हो. सांगायचंच होतं. शीळ ऐकू येत होती. मी मनात म्हटलं, आज सगळं गाव टेकडीवर असणार, आज नको. आज लावू देत. पुढच्या आठवड्यात मी एकटी गुपचूप वर जाईन आणि उपटून टाकीन. म्हणतील, मेली. पीसफूल मरतंच, त्याचं कुणाला नवल वाटणार? आणि हा विचार सुचल्यावर मला हलकं वाटलं, हे सांगायची सुद्धा लाज वाटते. एक झाड जगातून गेलेलं असताना मला हलकं वाटलं.

"झालं का गं?" अल्विन दारात आला. कोट घातलेला, केस पाणी लावून बसवलेले. "चेहरा का असा केलायस?"

"गुडघा दुखतोय," मी म्हटलं.

"मग बस की. मी उचलतो." आणि उरलेले ट्रे त्याने उचलले, अगदी तान्ही मुलं उचलावीत तसे. त्याच्याही अंगावर वास चढत होता. मला येत होता. त्याला नव्हता येत.

टेकडीखाली गाड्यांची रांग लागलेली. फाटकापाशी नेहमीप्रमाणे बूट घासायचं टेबल होतं. आमच्याकडे बुटाचे तळवे ब्रशने खरवडून, वर स्पिरिट मारल्याशिवाय टेकडीवर पाऊल टाकता येत नाही. बाहेरच्या चिखलातून मुळं कुजवणारा रोग येतो, आणि तो एकदा आला की झुडपं उभ्या-उभ्या मरतात. सगळी मंडळी वाकून, कण्हत, एकमेकांचा आधार घेत बूट घासत होती. मीही घासले. खिळ्याने खाचेतली माती काढली. आणि हातात ट्रे घेतला ज्यात टेकडी गिळणारं झाड होतं.

वर हेस्टरबाईंनी सगळ्यांना गोल उभं केलं. उंच, सडसडीत बाई, आवाज मात्र फेरीबोटीच्या भोंग्यासारखा. सॉसेज भाजायची चूल पेटलेली, कुणी भोपळ्याचे स्कोन आणलेले, कुणी थर्मास. गोलाच्या पार मागे, टोपी कानांवर ओढून, रॉइस टकेट उभा होता. इतक्या दिवसांनी आला होता, पीसफूल टेकडीवर परत जाताना बघायला.

अल्विनने पहिला खड्डा खणला. पाहुणे, पोरंबाळं, सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात.

"थांबा, थांबा! पारख कुठे झाली?" हेस्टरबाई म्हणाल्या.

पारख ही आमच्या मंडळाची रीत, आणि ती लावलीही अल्विननेच. पहिलं झाड जमिनीत जाण्याआधी त्याची एक डहाळी गोलात फिरते. प्रत्येकाने पान चुरगाळायचं, हुंगायचं, आणि झाडाची जी खूण असेल ती मोठ्याने बोलायची. पीसफुलाची खूण म्हणजे "वास नाही!" पन्नास माणसं एकामागून एक "वास नाही! वास नाही!" ओरडायला लागली की मजा येते, हसू येतं.

"आज राहू दे पारख," अल्विन म्हणाला. "आभाळ भरलंय."

"वा रे वा! तूच लावलेली रीत आणि तूच मोडणार?" हेस्टरबाईंनी स्वतःच डहाळी तोडली, पान चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी अल्विनकडे पाहिलं, तो खड्ड्याशी गुडघे टेकून वर बघत होता, केस नीट बसवलेले.

"वास नाही," हेस्टरबाई म्हणाल्या. भोंगा कुठे गेला कुणास ठाऊक.

डहाळी पुढच्याकडे गेली. त्याने हुंगली, हेस्टरबाईंकडे बघितलं. "वास नाही." पुढची. "वास नाही." ही सगळी तीच माणसं, जी बंद डोळ्यांनी पन्नास झुडपं ओळखतील. एकेकाच्या नाकात लिंबू शिरत होतं, एकेकाची नजर खाली जात होती, आणि एकेक जण खोटं बोलत होता. अल्विनच्या जिभेची भीती म्हणा, अल्विनची कीव म्हणा, म्हाताऱ्या माणसाचा आजचा दिवस कशाला नासवा म्हणा. डहाळी माझ्या हातात आली तेव्हा तिला पानं थोडीच राहिली होती. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. बायको काय म्हणते?

"वास नाही," मी म्हटलं.

आणि डहाळी पुढे दिली.

सगळ्यात शेवटी ती रॉइसकडे पोचली. त्याने पान चुरगाळलं. हुंगलं. परत हुंगलं. मी मनात म्हटलं, आता फेडणार हा. फेडू दे. हक्क आहे त्याचा. कुणी हालत नव्हतं. चुलीवर सॉसेज करपत होते, तिकडेही कुणी गेलं नाही.

रॉइसने डहाळी खाली केली. "दुसऱ्या कुणाला विचारा," तो म्हणाला. "मला बोलायला लावू नका."

अल्विन खड्ड्यापाशीच होता. हळूहळू उठला. गुडघ्यांना वाळू चिकटलेली. गोलभर त्याने नजर फिरवली, एकेका तोंडावरून. कुणी वर बघेना. माणूस गर्विष्ठ असेल, मूर्ख नव्हता.

"रॉइस," तो म्हणाला, "लिंबू आहे का?"

रॉइसने टोपी काढली. का काढली देव जाणे. मयताला काढतात तशी काढली.

"आहे, अल्विन."

पावसाचे चार थेंब पडले, थांबले. अल्विनने झाड बाजूला ठेवलं, माती पायाने आत लोटली, वर तळव्याने दाबली. मग म्हणाला, "मला वर्षभर वास येत नाही. ती माझी चूक. मी बोललो नाही. पण तुम्हाला येतो ना?"

"तुला वाईट वाटेल म्हणून रे..." हेस्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला वाईट वाटेल म्हणून टेकडीवर मेणफूल लावणार होतात?"

आम्ही! बूट घासणारे आम्ही! एका माणसाचं मन राखायला आम्ही आमची टेकडी त्याच्या पायाशी ठेवायला निघालो होतो, आणि वर त्याला माणुसकी म्हणत होतो. माझ्या शेजारच्या बाईने तोंडावर हात घेतला. मला तर तोंड कुठे लपवावं कळेना. आणि मग अल्विन माझ्याकडे वळला. मला ठाऊक होतं वळणार.

"ट्रे तू भरलेस सकाळी."

"हो."

"तेव्हा आला वास?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. असती तर बोलले असते की काय, देव जाणे. "आला," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. सगळ्या गावादेखत मला घालूनपाडून बोलला असता तर मी उलट बोलले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. त्याने नुसती मान हलवली आणि म्हणाला, "रॉइस, जरा ये इकडे. सगळ्या कुंड्या बघून घेऊ."

लोकांनी आपापले थर्मास उचलले. कुणी अल्विनच्या खांद्यावर हात ठेवायला गेलं तर त्याने खांदा काढून घेतला. गाड्या एकेक करून उतरल्या. आम्ही तिघं उरलो, आणि हेस्टरबाई, चूल विझवत. अल्विन कुंडी उचलायचा, रॉइस हुंगायचा. "लिंबू." बाजूला. "लिंबू." बाजूला. मी पुढे झाले, म्हटलं, "मी पण बघते, लवकर होईल." अल्विनने माझ्याकडे न बघता दुसरी कुंडी रॉइससमोर धरली. ढीग वाढत गेला. दणकट, हिरवीगार, माझ्या अभिमानाची झाडं.

शेवटच्या ट्रेमधल्या एका कुंडीत मेणफुलाच्या बुंध्याला टेकून करंगळीएवढा एक फुटवा होता. फिकट, पानं मोजकी. रॉइसने त्याचं एक पान घेतलं, चुरगाळलं आणि पुन्हा पुन्हा हुंगत राहिला.

"काय रे?"

"नाही," रॉइस म्हणाला. "याला नाही वास." परत हुंगलं. "नाही, अल्विन. नाहीच."

अल्विनने खिशातला चाकू काढला आणि मेणफूल मातीलगत छाटलं. फुटवा एकटा राहिला, वाऱ्यात डुलत. जगातलं तेवढंच. अल्विन म्हणाला, "तू घेऊन जा हे, रॉइस. माझ्याकडे नको."

"छे! हलवलं तर मरेल. मीच येत जाईन." मग खाली बघत, "तू म्हणशील तेव्हा."

घरी येताना गाडीत मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येऊन मी सगळी उपटणार होते. टेकडीचं काही वाटोळं होऊ देणार नव्हते."

तो काचेतून बाहेर बघत होता. "मग उन्हाळ्यात मी पाण्याचे डबे घेऊन वर चढलो असतो. तू सांगितलं असतंस, मेली. मी म्हटलं असतं, माझंच काहीतरी चुकलं. आणि तू मला चहा करून दिला असतास."

"हो," मी म्हटलं. कारण अगदी असंच झालं असतं.

घरात तो माझ्याशी नीट बोलतो, त्यात खोट नाही. मीठ दे म्हणतो, दार लाव म्हणतो, गुडघा कसा आहे विचारतो. गावही आता आमच्याशी फार गोड वागतं, आणि ते जास्त बोचतं. बेकरीत मी शिरले की पानं खिशात जातात. "ओळख बघू" मला कुणी म्हणत नाही. मी तरी कुठल्या तोंडाने म्हणू?

फुटवा जगलाय. अल्विनने त्याच्या दोन टोकांची नवी कलमंही बांधलीत, रॉइसला शेजारी बसवून, पातं त्याच्या हातात देऊन. "जास्त तासलंस, परत कर," असं ओरडतो त्याच्यावर, पण छताकडे बघत नाही. रॉइस दर गुरुवारी येतो. दोघं बाकावर बसून एकेक पान बघतात. मी जाळीबाहेरून बघते.

गेल्या गुरुवारी रॉइसला उशीर झाला. मी चहा घेऊन आत गेले, तर अल्विन वाकून एका कुंडीकडे बघत होता. मातीतून नवा फुटवा आलेला, दोन सुयांएवढाच. त्याने एक सुई तोडून तळहातावर घेतली होती आणि चुरगाळून, वास येत नसतानाही, नाकाशी नेऊन बघत होता.

"दे," मी म्हटलं. "मी बघते."

त्याने जरा विचार केला. मग तळहात पुढे केला. मी वाकले, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. ओली वाळू, त्याच्या हाताची कातडी, आणि बाकी काही म्हणजे काही नाही.

"नाही, अल्विन. पीसफूलच आहे," मी म्हटलं. आनंदाने माझा आवाज चिरकला. "खरंच सांगते, पीसफूल आहे!"

"बरं," तो म्हणाला. मायेनेच म्हणाला. मग ती चुरगाळलेली सुई त्याने बाकावर ठेवली, वास उडू नये म्हणून वर एक काचेचा ग्लास पालथा घातला, आणि रॉइसची वाट बघत बसला.